रस्त्यांची निगा

बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचे नाव आमच्या पुष्कळ वाचकांनी ऐकले असेल. सतराव्या शतकाच्या आरंभी, मोगल अमदानीत, सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भुयारी मार्गाने या शहरास पुरविण्यात आले. मार्गावर ठिकठिकाणी विहिरींसारख्या कुंड्या ठेविल्या. त्यांतून आत हवा जाते आणि साफसफाईसाठी मनुष्यही उतरू शकतो. पाण्यातील चुन्याचे थर साचून मार्ग अरुंद होतो, म्हणून ही सोय फार मोलाची. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत या भंडाऱ्याचा समावेश झाला. बांधणे आणि राखणे ही एकाच कामाची दोन अंगे होत, हाच त्याचा धडा.

डांबरी रस्त्यांच्या बाबतीत हा धडा आपण विसरतो. उद्‌घाटनास हार व नारळ असतात. गटार उपसणाऱ्यास कोणी हार घालीत नाही. वास्तविक रस्त्याचे आयुष्य गटारावरच अवलंबून असते. उन्हाने डांबर ठिसूळ होऊन त्यास भेगा पडतात आणि तुंबलेले पाणी त्यांतून खडीच्या थरात उतरते. तापी खोऱ्यातील काळी माती पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आकसते. यास्तव तिच्यावरील रस्ता लवकर खचतो. मृगापूर्वी भेग बुजविली तर काम थोडक्यात भागते. ती तशीच राहिली तर खड्डा होतो, आणि काही पावसाळे दुर्लक्ष झाले तर रस्ता पायापासून नवा करावा लागतो. खड्ड्यात मुरूम लोटणे ही डागडुजी नव्हे. कडा चौकोनी कापून, धूळ व पाणी काढून, डांबर लावून, मग खडीमिश्रण भरून दाबले पाहिजे.

ओझ्याचाही विचार करावा. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झालेल्या प्रयोगांवरून असे दिसले की, आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी सुमारे १६ पट होते. केळ्यांचा ट्रक प्रमाणाबाहेर भरून वाचविलेले भाडे अखेर साऱ्या गावाच्या माथी बसते.

२०२२ साली बऱ्हाणपूर हा देशातील पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला. घरोघरी नळ आले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु कोणत्याही गावी नळासाठी खणलेला चर थराथराने दाबून बुजविला नाही, तर पहिल्याच पावसात तेथे रस्ता बसतो.

मग आपण काय करावे? मोरीचे पाणी रस्त्यावर सोडू नये. लग्नमांडवाचे खांब डांबरात रोवू नयेत. दारापुढील गटार मोकळे ठेवावे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत ५ वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच घातलेली असते. आपल्या रस्त्याची ती मुदत केव्हा संपते, याची चौकशी करावी. ग्रामसभेत नवा रस्ता मागण्याआधी जुन्याच्या देखभालीसाठी किती तरतूद आहे, हे विचारावे. मध्यरात्री अडलेल्या बाळंतिणीस इस्पितळात नेताना रस्ता नवा की जुना, हे कोणी पाहत नाही. तो धड असावा, एवढेच हवे असते.