पायांचे फोड आणि जमिनीचे दावे

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा ठाण्यातून मुंबईकडे गेला. कोलशेतच्या नव्या उत्तुंग इमारतींपासून तो महामार्ग फार दूर नाही. मोर्चातील बहुसंख्य लोक आदिवासी होते आणि वनजमिनीचे हक्क ही त्यांची प्रमुख मागणी होती. कॅमेऱ्यांनी त्यांच्या पायांचे फोड घरोघर पोहोचविले. त्या दृश्याने शहर हेलावले. लोकांनी रस्त्यावर येऊन पाणी दिले, खाणे दिले, पादत्राणे दिली. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून ते थकलेले लोक शीवहून रात्रीच आझाद मैदानाकडे निघाले. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. ही गोष्ट आमच्या विस्मरणात जाणे शक्य नाही.

परंतु पाय पाहिलेल्यांपैकी जमीन किती जणांनी पाहिली? २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासीस चार हेक्टरांच्या मर्यादेत हक्क मिळतो. दावा प्रथम ग्रामसभेपुढे, तेथून उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे जातो. वडीलधाऱ्यांचा जबाब, जुने घर, विहीर, दफनभूमी हेही पुरावे म्हणून चालतात. कायदा कागदावर उदार आहे. पण मागणी हेक्टरांची आणि हाती पडणारा पट्टा काही गुंठ्यांचा, ही तक्रार त्या मोर्चाच्या मुळाशी होती. नेमके हेच कॅमेऱ्याला नीरस वाटते. फेटाळलेला दावा घोषणा देत नाही. तो कचेरीच्या फडताळात पडून राहतो.

अनुबोधपट पक्षपाती असतात, असा आक्षेप सुबुद्ध मंडळींकडून ऐकू येतो. आम्हांस पक्षपाताची फारशी भीती वाटत नाही. आमच्या लहानपणी चित्रपटगृहांत मुख्य खेळापूर्वी फिल्म्स डिव्हिजनचे पट दाखवीत. त्यांतली धरणे आणि कालवे पाहून कोणी पक्षपाताची तक्रार केल्याचे स्मरत नाही. खरा दोष उतावळेपणाचा आहे. आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांच्या १९९५ च्या नर्मदेवरील अनुबोधपटाच्या नावातच ‘डायरी’ हा शब्द आहे. रोजनिशी एका दिवसात लिहिली जात नाही. खोऱ्यातल्या माणसांकडे पुनःपुन्हा जावे लागते. हे पथ्य आपल्याकडे नवे नव्हे. १९४५ साली तलासरीच्या परिसरात वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, तेव्हा तो मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये. त्या लढ्याची ओळख मराठी वाचकास मुख्यतः गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाने करून दिली. त्या पाड्यांवर राहिल्या होत्या, म्हणूनच लिहू शकल्या.

१२ मार्च २०१८ रोजी सरकारने दावे सहा महिन्यांत निकालात काढण्याचे लेखी आश्वासन दिले. कॅमेरे परतले. फेब्रुवारी २०१९ मध्ये मोर्चा पुन्हा निघाला आणि मार्च २०२३ मध्ये आणखी एकदा. तेव्हाही मागण्यांत वनहक्क होतेच. हा शेवटचा मोर्चा वासिंदला थांबला आणि आश्वासने घेऊन परतला. ठाण्याहून वासिंद लोकलने जेमतेम तासाभरावर आहे. आपल्या तरुण अनुबोधपटकारांनी पुढचा मोर्चा निघण्याची वाट न पाहता त्यांतल्या एखाद्या घरी जावे, तेथला पट्टा हाती घेऊन त्यावरचे क्षेत्र वाचावे, आणि मग घरधन्यास शेताची हद्द चालून दाखविण्यास सांगावे. तेवढे चालणे सबंध टिपले, तरी एक अनुबोधपट होईल.