आट्यांत अडकलेले कडे

एका वाचकाने कळवले आहे : चांगली किंमत मोजून घेतलेल्या विजेरीच्या काचेवर खोल ओरखडे पडले, नवी काच मागवली, परंतु काचेभोवतीचे पोलादी कडे काही केल्या फिरत नाही. पक्कड लावावी काय? नये. हिवाळ्यातील वादळात वीज गेली की आपण सारे याच वस्तूचा शोध घेतो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देणे आम्हांस योग्य वाटते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की कडे गंजलेले नाही, ते चिकटवलेले आहे. महागड्या विजेऱ्यांचे अनेक निर्माते जुळणी करतानाच आट्यांत गोंदाचा थेंब सोडतात. हा गोंद मोठा विलक्षण आहे. कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथे ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे व्हर्नन क्रीबल यांनी तो १९५० च्या दशकात बाजारात आणला आणि ‘लॉकटाइट’ हे नाव पुढे सर्वतोमुखी झाले. इतर गोंद हवेत वाळतात. हा हवा मिळत असेपर्यंत पातळ राहतो. दोन आट्यांच्या फटीत हवा संपली आणि धातूचा स्पर्श झाला की तो कठीण होतो. त्याची बाटली कधीही काठोकाठ भरलेली नसते, त्याचे कारण हेच. निळा गोंद हातातील अवजारांनी सुटावा म्हणून, तर लाल गोंद सहसा सुटूच नये म्हणून बनवलेला असतो.

अशा गोंदावर गंज सोडवणारे तेल मारून फारसे काही साधत नाही. तो जोराला दाद देत नाही, उष्णतेला देतो. तापमान वाढते तशी त्याची पकड उतरत जाते. परंतु खरी अडचण येथेच आहे. लाल गोंद सोडवण्यासाठी निर्माते जोड सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यास सांगतात; आणि विजेरीतील शिसेविरहित डाख २१७ अंशांच्या आसपास वितळू लागतो. नायट्राइल रबराची ओ-रिंग त्याच्याही कितीतरी आधी हार मानते. भिंग ॲक्रिलिकचे असेल तर शंभर अंशांच्या सुमारासच मऊ पडते. म्हणजे गोंद शरण येण्यापूर्वी आतील नाजूक ऐवज शरण येऊ शकतो. आम्ही संगणकाच्या व्यवसायातले; तेथे केलेले परत फिरवता येते. वितळलेल्या भिंगाला ती सोय नाही.

तेव्हा आरंभ उकळत्या पाण्याने करावा. पाणी शंभर अंशांपुढे जात नाही, हाच त्याचा मोठा गुण. (डेन्व्हरच्या उंचीवर ते ९५ अंशांनाच उकळते, पण तेवढ्यानेही पुष्कळदा काम भागते.) सर्वांत आधी बॅटरी बाहेर काढून दूर ठेवावी. लिथियमची बॅटरी आत असताना विजेरी तापवणे म्हणजे हातात स्फोटक धरणे होय. येथे सवलत नाही. शेपटाकडील टोपणही काढावे, नाहीतर आतील हवा तापून बाहेर निसटते आणि थंड होताना पाणी आत ओढले जाते. मग विजेरी उभी धरून केवळ कड्याचा भाग पाण्यात बुडवावा. उघडे टोक पाण्याबाहेरच राहिले पाहिजे. काच एकदम उकळत्या पाण्यात घालू नये, ती तडकेल. कोमट पाण्यातून हळूहळू तापवत न्यावे व चार-पाच मिनिटे ठेवावे. भिंग प्लास्टिकचे असल्यास ऐंशी अंशांवरच थांबावे.

कडे आतून बसवलेले असेल तर आणखी एक गोष्ट आपल्या बाजूने असते. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते. ३० मिलिमीटर व्यासाच्या जोडात तापमान ८० अंशांनी वाढले, तर दोहोंमधील फट मिलिमीटरच्या सुमारे दीड शतांशाने रुंदावते. कडे टायटॅनियमचे असेल तर त्याच्या दुपटीहून अधिक. फार नाही, पण गोंदाचा थर तरी केवढा असतो! उलट कडे पोलादी असून बाहेरून चढवलेले असेल, तर उष्णतेने ॲल्युमिनियम फुगून जोड आवळला जातो. तेथे केवळ कड्यालाच उष्णता मिळेल अशी युक्ती हवी.

पकड कशाची घ्यावी? नळी व्हाइसमध्ये दाबू नये. पातळ नळी किंचित लंबगोल झाली तरी आटे अधिकच आवळतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून त्यावर पट्ट्याचा पाना लावावा. कडे गुळगुळीत असेल तर टेबलावर रबराचा जाड तुकडा पसरावा, विजेरी त्यावर तोंड खाली करून दाबावी आणि फिरवावी. हातात चामडी मोजे असू द्यावेत. झटका देऊ नये, जोर सावकाश वाढवावा. एकदा बारीक ‘कर्र’ आवाज आला की थोडे मागे, थोडे पुढे असे करीत कडे बाहेर आणावे. फिरवताना मधला भाग फिरू लागला तर तत्काळ थांबावे. आत तारा डाखलेल्या असतील तर त्या तुटतील.

इतक्याने कडे सुटले नाही तरच हीट गन घ्यावी. झोत कड्यावरच ठेवावा, तापमान मोजत राहावे. इन्फ्रारेड तापमापक चकचकीत पोलादावर प्रत्यक्षाहून कमी आकडा दाखवतो, म्हणून कड्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरावा. उघड्या ज्योतीच्या वाटेला जाऊ नये. हमीची मुदत शिल्लक असेल तर या साऱ्याआधी निर्मात्याला पत्र पाठवणे शहाणपणाचे. काही निर्माते कडे स्वतःच उघडून देतात.

कडे निघाल्यावर आट्यांतील पांढुरकी भुकटी लाकडी काडीने व पितळी ब्रशने काढावी. ओ-रिंग नवी घालून तिला सिलिकॉन ग्रीस लावावे. पुन्हा गोंदाची गरज सहसा नसतेच. वाटल्यास जांभळ्या, म्हणजे सर्वांत सौम्य गोंदाचा एक थेंब पुरे. शेवटी बॅटरीऐवजी टिपकागदाची गुंडाळी आत घालून, टोपण लावून, विजेरी रात्रभर पाण्यात ठेवावी. कागद कोरडा निघाला की मग बॅटरी घालावी.