‘पायलटची चूक’ म्हणून फाईल बंद करू नका

एखाद्या हौशी पायलटचं छोटं विमान मोठ्या विमानतळाच्या हद्दीत परवानगीशिवाय घुसलं की त्यावर बोलायची भाषा ठरलेली असते. पैसे जास्त झालेत, विमान उडवायची हौस आलीय, नकाशा बघायला काय होतं? मागण्याही ठरलेल्या: लायसन्स काढून घ्या, दंड वाढवा, असल्यांना शहराजवळ फिरकू देऊ नका. मला या भाषेचा राग येतो, कारण ती मी रोज ऑफिसात ऐकतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘यूजर एरर’ लिहून तिकीट बंद करण्याइतकं सोपं काम दुसरं नाही. तिकीट बंद होतं, बग तिथेच राहतो, आणि पुढचा यूजर त्याच खड्ड्यात पडतो.

आधी ही हद्द असते कशी ते बघू. मोठ्या विमानतळाभोवतीचं नियंत्रित आकाश म्हणजे उलटी ठेवलेली उतरंड. मध्यभागी, विमानतळावर, ती जमिनीला टेकलेली असते. बाहेर जाल तसा तिचा तळ वर वर सरकतो. त्यामुळे एकाच जागी ठरावीक उंचीखाली तुम्ही कायदेशीर असता आणि थोडं वर गेलात की घुसखोर. कुठे कुंपण नाही, पाटी नाही, टोलनाका नाही. रेषा फक्त नकाशावर. आणि तो नकाशा वाचायचा कधी? एका हाताने विमान सांभाळत, रेडिओ ऐकत, बाहेर दुसरं विमान दिसतंय का ते शोधत.

या चुकीची सगळ्यात मोठी किंमत लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोस गावाने मोजली. ३१ ऑगस्ट १९८६, रविवारची दुपार, आकाश स्वच्छ. टॉरन्सच्या छोट्या विमानतळावरून एक पायपर विमान बिग बेअरला निघालं होतं. आत नवरा, बायको आणि मुलगी. विमान नकळत लॉस एंजेलिसच्या नियंत्रित हद्दीत शिरलं. त्याच वेळी तिहुआनाहून आलेलं एरोमेक्सिकोचं डीसी-९ उतरण्याच्या तयारीत खाली येत होतं. सुमारे साडेसहा हजार फुटांवर पायपर त्याच्या शेपटीवर आदळलं. डीसी-९ मधले ६४, पायपरमधले ३ आणि खाली घरांत असलेले १५, अशी ८२ माणसं गेली.

सुरुवातीला चर्चा झाली की पायपरच्या पायलटला हृदयविकाराचा झटका आला असावा. पुढच्या तपासात ते टिकलं नाही. माणूस शुद्धीवर होता आणि विमान उडवत होता. फक्त आपण नेमके कुठे आहोत, हे त्याला कळलेलं नव्हतं.

यातला एक तपशील मला विसरता येत नाही. त्याच सुमाराला कंट्रोलर आणखी एका छोट्या विमानाशी बोलत होता. तेही हद्दीत असंच विनापरवाना शिरलेलं होतं. कंट्रोलरने त्या पायलटला सुनावलं की यापुढे नकाशा बघत जा. म्हणजे एका भरकटलेल्या विमानाला ओरडा बसत होता तेव्हा दुसरं भरकटलेलं विमान डीसी-९ ला भिडत होतं. कंट्रोलरने सांगितलं की पायपर आपल्याला स्क्रीनवर दिसलंच नाही. पायपरच्या ट्रान्सपॉन्डरमध्ये उंची कळवायची सोय नव्हती, त्यामुळे ठिपका दिसला असता तरी ते विमान हद्दीच्या खाली आहे की आत, हे त्यावरून कळलं नसतं.

दोन्ही विमानांनी एकमेकांना चुकवायचा प्रयत्न केल्याची काहीही खूण नाही. इतक्या स्वच्छ हवेत दिसलं कसं नाही, असं विचारणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: आपला डोळा हालचाल पटकन टिपतो, पण टक्कर होणार असलेलं विमान काचेवर सरकतच नाही. ते एकाच जागी ठिपक्यासारखं चिकटून राहतं आणि अगदी शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठं होतं.

अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाने, या अपघाताचं मुख्य कारण काय लिहिलं? हवाई वाहतूक नियंत्रणाची व्यवस्था विमानांना टकरीपासून पुरेसं संरक्षण देऊ शकत नव्हती, हे. पायलटची विनापरवाना घुसखोरी आणि ‘बघा आणि चुकवा’ या पद्धतीच्या मर्यादा, ही दोन कारणं त्यांनी हातभार लावणारी म्हणून धरली. मेलेल्या हौशी पायलटवर सगळं ढकलून मोकळं होणं किती सोपं होतं! तो कोर्टात उलटून बोलायला येणार नव्हता. मंडळाने ते केलं नाही, म्हणून पुढचं घडलं. अशा विमानतळांच्या ३० सागरी मैलांच्या परिसरात उंची कळवणारा ट्रान्सपॉन्डर सक्तीचा झाला. ३०हून जास्त सीटच्या प्रवासी विमानांना १९९३च्या अखेरीपर्यंत टकरीची आगाऊ सूचना देणारी टीकॅस यंत्रणा बसवावी लागली. आज तुम्ही विमानात निवांत झोपता, त्यात सेरिटोसच्या त्या अहवालाचा वाटा आहे.

वॉशिंग्टनचं उदाहरण यापेक्षा वेगळं आहे, आणि तिथे मी पायलटची बाजू घेणार नाही. ११ मे २००५ला पेन्सिल्व्हेनियातून नॉर्थ कॅरोलिनाकडे निघालेलं एक सेसना १५० थेट राजधानीच्या बंदी असलेल्या आकाशात आलं आणि व्हाइट हाउसपासून सुमारे पाच किलोमीटरवर पोचलं. व्हाइट हाउस आणि कॅपिटल रिकामं करावं लागलं, एफ-१६ विमानं झेपावली. पुरेशी तयारी न करता, शिकाऊ साथीदाराला घेऊन निघालेल्या त्या पायलटचं लायसन्स रद्द झालं. योग्यच झालं. निघण्याआधी रस्त्यातलं आकाश बघायचं नसेल तर माणसाने गच्चीवर पतंग उडवावेत. पण त्याच महिन्यात तिथे आणखी एक गोष्ट सुरू झाली: भरकटलेल्या विमानावर जमिनीवरून लाल-लाल-हिरवा असा लेझरचा इशारा. रेडिओवर न सापडणाऱ्या पायलटलाही कळावं की चुकलायस, वळ. लायसन्स रद्द केल्याने एक माणूस थांबतो. तो दिवा पुढच्या प्रत्येकासाठी आहे.

शिक्षेवरच सगळी भिस्त ठेवण्यात आणखी एक घोटाळा आहे: लोक चुका लपवायला लागतात. १ डिसेंबर १९७४ला टीडब्ल्यूएचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डोंगरावर आदळून ९२ जण गेले. सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या एका एअरलाइनचं विमान त्याच गैरसमजातून तिथेच थोडक्यात वाचलं होतं, पण ती माहिती त्या कंपनीतच राहिली. त्यानंतर १९७६मध्ये नासाने चालवलेली गोपनीय नोंद यंत्रणा सुरू झाली. चूक नकळत झाली असेल आणि १० दिवसांत स्वतःहून कळवली असेल, तर काही अटींवर पायलटची शिक्षा माफ होते. मुद्दाम केलेल्या आगळिकीला ही सूट नाही. ‘म्हणजे बेजबाबदार सुटणार’ असं म्हणणाऱ्यांनी हा फरक आधी वाचावा.

आता थोडं आकाशाच्या वाटणीबद्दल, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. लंडनच्या नैर्ऋत्येला फार्नबरो हा प्रामुख्याने बिझनेस जेटचा विमानतळ. २०२०मध्ये त्याच्याभोवती नवं नियंत्रित आकाश आखलं गेलं. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनने विरोध केला, लॅशम ग्लायडिंग सोसायटी कोर्टात गेली आणि हरली. त्यांचं म्हणणं साधं होतं: नियंत्रित तुकडा वाढला की ग्लायडर आणि छोटी विमानं उरलेल्या बोळात कोंबली जातात. बोळ जितका अरुंद, तितकी भिंतीला घासण्याची शक्यता जास्त. आधी जागा काढून घ्यायची, मग अंग चोरून चालत नाही म्हणून ओरडायचं, असा हा न्याय. आणि ‘श्रीमंतांची हौस’ म्हणायचंच असेल, तर क्लबच्या जुन्या ग्लायडरमधल्या माणसाला म्हणायचं की बिझनेस जेटमधल्या?

चुका फक्त हौशी लोक करतात, हेही खोटं आहे. मुंबईकरांना तरी हे सांगायला लागू नये. १९५३मध्ये बीओएसीचं कॉमेट सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं. १९७२मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तेच केलं. पगारी, अनुभवी, गणवेशातले पायलट. जवळजवळच्या दोन धावपट्ट्यांनी त्यांना फसवलं. बारामतीत किंवा फ्लोरिडात शिकणाऱ्या विशीतल्या पोरांकडून आपण यापेक्षा काय जास्त अपेक्षा करतो?

आज टॅब्लेटवरचं ॲप हद्द जवळ आली की इशारा देतं. पन्नास वर्षं जुन्या विमानातही ते चालतं. ज्याच्याकडे ते आहे आणि तरी बंद ठेवतो, त्याच्यावर खुशाल कारवाई करा. पण घुसखोरीच्या प्रत्येक अहवालात पायलटच्या नावाआधी आणखी काही रकाने हवेत: या वर्षात याच कोपऱ्यात किती जण आत आले? इथे हद्दीचा तळ किती वेळा बदलतो? जवळ ओळखू येईल असा रस्ता, नदी, तलाव आहे का, की रेषा नुसती शेतांवरून गेलीय? एकाच कोपऱ्यात दर महिन्याला माणसं अडखळत असतील, तर रेषा हलवा.

आपल्याकडे हा प्रश्न विमानाआधी ड्रोनच्या रूपाने दारात आलाय. २०२१मध्ये सरकारने डिजिटल स्काय प्लॅटफॉर्मवर आकाशाचा लाल, पिवळा, हिरवा नकाशा सगळ्यांसाठी खुला केला. चांगलं काम. उद्या पुण्यात लोहगाव विमानतळाजवळ लग्नाचं शूटिंग करणारा एखादा पोरगा ड्रोनसकट पकडला जाईल, तेव्हा त्याला दंड जरूर करा. पण त्याच्या हातातला कंट्रोलरही मागून घ्या, आणि ती लाल रेषा त्याच्या स्क्रीनवर दिसत होती का, तेही पंचनाम्यात लिहा.