घराचा गारवा व विजेचा हिशेब

मराठवाड्यांतील जुन्या मंडळींस माळवदाचें घर म्हटलें म्हणजे आधीं त्याचा गारवा आठवतो. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लांकडी तुळया, त्यांवर मातीचा जाड थर. वैशाखांतील दुपारची आंच आंत पोहोंचेपर्यंत दिवस मावळत असे. परंतु ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें चारच्या सुमारास किल्लारी परिसरांत तेंच जड माळवद निजलेल्या माणसांवर कोसळलें व हजारों जीव गेले. त्यानंतर लोकांनीं सिमेंटचीं घरें पत्करलीं, यांत त्यांस दोष कोण देईल? मात्र उन्हांत तापलेला स्लॅब रात्रभर ती उष्णता घरांत सोडीत राहतो. मग पंखा आला, कूलर आला, आणि विजेचें देयक वाढलें.

सरकारनें याचा विचार केलाच नाहीं, असें नाहीं. २००१ सालीं ऊर्जा संवर्धनाचा कायदा झाला. २०१८ सालीं राहत्या इमारतींसाठीं 'इको निवास संहिता' निघाली. भिंती व खिडक्यांतून आंत शिरणाऱ्या उष्णतेस दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा तींत घातली आहे. तथापि नांदेड-लातुरांत गवंड्याशीं बोलून घर बांधणाऱ्या किती गृहस्थांस ही संहिता ठाऊक असेल?

आमच्या मतें हा हिशेब विद्यार्थ्यांनीं घरींच मांडावा, व पालकांनीं त्यांस जुनीं देयकें काढून द्यावींत. वर्षाच्या युनिटांची बेरीज करून तिला घराच्या चौरस फुटांनीं भागावें. समजा, १,२०० युनिटें व ६०० चौरस फूट. म्हणजे दर फुटास २ युनिटें. शेजारच्या घराचाही आंकडा असाच काढावा. पण बक्षीस देण्याची घाई नको! ज्या घरीं कूलरच नाहीं, त्याचा आंकडा लहानच येणार. तेथील आजी पत्र्याखालीं भाजत असते, हें त्या आंकड्यांत दिसत नाहीं. म्हणून त्याच वहींत रोज दुपारीं तीन वाजतां आंतलें व बाहेरचें उष्णमानही लिहावें.

दोन उन्हाळ्यांच्या नोंदी जमल्या कीं पुढल्या मे महिन्याच्या देयकाचा अंदाज मुलगा वडिलांस आधींच सांगूं शकेल. मग स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात द्यावा. अंदाजापेक्षां देयक कमी आलें, तर ती चुन्याची कमाई. मात्र त्या वर्षीं ऊनच कमी नव्हतें ना, हें बाहेरच्या उष्णमानावरून आधीं पाहून घ्यावें.