गुन्ह्यांचे रकाने आणि राज्यसत्तेची नजर

राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध झाला की भांडवलदारी वृत्तपत्रांत दोन प्रकारचे मथळे झळकू लागतात. सरकारधार्जिणी पत्रे गुन्हेगारी घटल्याचा डांगोरा पिटतात, तर विरोधी पत्रे एखाद्या राज्याला 'गुन्हेगारीची राजधानी' ठरवून मोकळी होतात. आकडे दोन्हीकडे तेच असतात. ते नेमके कशाचे आहेत, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. कष्टकरी जनतेत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हा प्रश्न टाळता येणार नाही.

पहिली गोष्ट ही की, हा अहवाल गुन्हे मोजीत नाही. तो पोलिसांनी नोंदविलेले प्रथम खबर अहवाल मोजतो. १९५३ सालापासून निघणाऱ्या आणि १९८६ साली स्थापन झालेल्या ब्युरोकडे पुढे आलेल्या या प्रकाशनाने स्वतःच बजावले आहे की, गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन भिन्न बाबी आहेत. दर लाख लोकसंख्येमागील गुन्ह्यांच्या प्रमाणात केरळचा क्रमांक वर्षानुवर्षे वरचा लागतो. तेथे सामान्य माणूस ठाण्याची पायरी चढू शकतो, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. उलट जेथे शेतमजुराची फिर्याद ठाण्याच्या दारातूनच परत पाठविली जाते, तेथे कागदावर शांतता नांदते. फिर्याद दडपण्याच्या या प्रकाराला पोलिसी परिभाषेतच 'बर्किंग' असे नाव आहे.

दडपण्याची दुसरी वाट वर्गवारीतून जाते. दखलपात्र गुन्ह्यात पोलिसांना तपास करावाच लागतो. अदखलपात्र गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तपास होत नाही. म्हणून गंभीर मारहाणीची 'किरकोळ दुखापत' केली, ठाण्याच्या वहीत 'एनसी' लिहिली, की प्रकरण तेथेच संपते. शिवाय मोजणीत 'प्रमुख गुन्ह्याचा नियम' लागू असतो. एका अहवालात अनेक कलमे असली तरी ज्याला शिक्षा सर्वांत जबर, तो एकच गुन्हा मोजला जातो. हुंडाबळीच्या प्रकरणात वर्षानुवर्षांचा छळही नोंदलेला असतो. पण तक्त्यात तो उतरत नाही.

पुढील शब्दांबाबतही सावध राहिले पाहिजे. दोषसिद्धीचे प्रमाण हे केवळ ज्या खटल्यांची सुनावणी पूर्ण झाली त्यांवरून काढतात. न्यायालयांत वर्षानुवर्षे तुंबलेले खटले त्यात येतच नाहीत. तपासाअंती दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर महाराष्ट्रात 'समरी' पाठविली जाते. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, तर 'अ'. फिर्याद जाणूनबुजून खोटी असल्यास 'ब'. गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची असल्यास 'क'. गरिबाची फिर्याद 'ब' समरीत गेली, तर तो नुसता हरत नाही, खोटारडा ठरतो.

आकडा सरकारच्या धोरणानेही फुगतो वा आटतो. २०१९ साली देशात ५१,५६,१५८ दखलपात्र गुन्हे नोंदले गेले होते. २०२० साली ते ६६,०१,२८५ झाले. जनता एका वर्षात इतकी गुन्हेगार झाली काय? टाळेबंदीच्या काळात शासकीय आदेशाचा भंग, म्हणजे दंड संहितेचे कलम १८८, याखालील गुन्हे २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर गेले होते. त्याच वर्षी स्त्रियांवरील गुन्ह्यांची नोंद ४,०५,३२६ वरून ३,७१,५०३ पर्यंत उतरली. राष्ट्रीय महिला आयोगाकडे मात्र त्या काळात घरगुती हिंसेच्या तक्रारी वाढत होत्या. घरात कोंडलेल्या स्त्रीला ठाण्यापर्यंत पोहोचता येत नव्हते, हाच त्या 'घटी'चा अर्थ.

रकाना बदलला की वास्तवही बदलल्याचा भास निर्माण करता येतो. याच ब्युरोच्या आत्महत्यांविषयीच्या अहवालात २०१३ साली शेतीत स्वयंरोजगार करणाऱ्यांच्या आत्महत्या ११,७७२ होत्या. २०१४ साली शेतकरी आणि शेतमजूर असे दोन रकाने करण्यात आले आणि शेतकऱ्यांचा आकडा ५,६५० झाला. शेजारच्या शेतमजुरांच्या रकान्यात ६,७१० मृत्यू होते. दोहोंची बेरीज १२,३६० होते. मरणारे कमी झाले नव्हते, त्यांची विभागणी झाली होती.

कोणत्या कृत्याला कोणते नाव मिळते, यात तर राज्यसत्तेचे वर्गीय स्वरूप उघडच दिसते. भोपाळ येथे १९८४ साली विषारी वायूने हजारो माणसे मेली. सदोष मनुष्यवधाचा आरोप १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणाच्या कलमावर आणून ठेवला आणि २०१० साली शिक्षा झाली ती दोन वर्षांची. खैरलांजी येथे २००६ साली एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. खुनाबद्दल शिक्षा झाली. परंतु २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आणि २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो असे मानले नाही. खून उरला, जात पुसली गेली. जमावाच्या हत्यांची आकडेवारी २०१७ साली गोळा करण्यात आली. ती विश्वासार्ह नसल्याने प्रसिद्ध केली नाही, असे सरकारने २०२१ साली संसदेत सांगितले. याउलट १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातींनाच जन्मतः गुन्हेगार ठरविले होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी 'सराईत गुन्हेगार' या नावाने ती नजर शिल्लक राहिली. तुरुंगांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये द्यावा लागला.

यावरून आकडे निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. विवाहितेच्या छळाचे कलम १९८३ साली, हुंडाबळीचे १९८६ साली आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ साली आला, तो कोणा मंत्र्याच्या कृपेने नव्हे. स्त्रियांच्या व दलितांच्या लढ्यांनी तो रेटा निर्माण केला होता. रकाना हीसुद्धा लढून मिळवलेली जागा असते, आणि ती भरली जाते की नाही हे ठाण्याच्या पातळीवरच ठरते.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. दखलपात्र गुन्ह्याची नोंद सक्तीची आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०१३ चा निर्णय ठाण्यात दाखविता आला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा दिली आहे. ती फिर्याद टाळण्याची सबब होऊ देता कामा नये. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली अशा चौकशीची गरज नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळते. ती घेऊन कोणती कलमे लागली आणि कोणती गाळली, हे तेथेच वाचले पाहिजे. नोंद नाकारल्यास लेखी तक्रार पोलीस अधीक्षकाकडे, आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे नेली पाहिजे.

दिल्लीत छापल्या जाणाऱ्या तक्त्याची पहिली ओळ तालुक्याच्या ठाण्यात लिहिली जाते. ती लिहिली जात असताना फिर्यादीच्या शेजारी जाणता कार्यकर्ता उभा असला पाहिजे.