ताम्रपट वाचणारा विद्यार्थी

शिरूर तालुक्यातले केंदूर हे संतकवी कान्हो पाठकांचे गाव म्हणून वारकऱ्यांना माहीत आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते माहीत आहे एका ताम्रपटामुळे. बदामीचा चालुक्य राजा दुसरा कीर्तिवर्मा याचे हे संस्कृत दानपत्र शके 672 चे, म्हणजे इ.स. 750 चे. का. बा. पाठक यांनी त्याचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले.

नव्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या पालकसभेत आपल्यापैकी, म्हणजे मराठीच्या शिक्षकांपैकी, बहुतेकांना एक वाक्य ऐकायला मिळेल : “सर, मराठीचं काय, पास होतोच तो. गणित-विज्ञानाचं तेवढं बघा.” त्यावर आपण संस्कार, अस्मिता, मातृभाषा असे शब्द काढतो आणि पालक मान डोलावून निघून जातात. या वेळी त्यांना ताम्रपटाबद्दल सांगावे, असे मला वाटते.

या दानपत्रात राजघराण्याच्या पराक्रमाची स्तुती, म्हणजे प्रशस्ती, आहे. नुसत्या माहितीसाठी ते वाचणारा मुलगा काय समजेल? चालुक्य अजिंक्य होते. प्रत्यक्षात त्यानंतर काही वर्षांतच राष्ट्रकूट दंतिदुर्गाने त्यांचे राज्य मोडून काढले. मग लेखक खोटे लिहीत होता का? नाही. प्रशस्ती हा एक साहित्यप्रकार आहे आणि त्याचे संकेत ठरलेले असतात. त्याच मजकुरात कीर्तिवर्म्याचा बाप दुसरा विक्रमादित्य याच्याबद्दल लिहिले आहे, की त्याने पल्लवांची कांची जिंकली, पण नगर उद्ध्वस्त केले नाही. मंदिराचे सोने परत दिले. ही गोष्टही थोरवी गाण्याच्या ओघात आलेली. पण कांचीच्या कैलासनाथ मंदिरात विक्रमादित्याचा कन्नड लेख आहे आणि तोही हेच सांगतो. संकेत कुठे संपतो आणि घडलेली गोष्ट कुठे सुरू होते, हे ओळखायला काव्य वाचलेले असावे लागते. कोण बोलतो, कोणाशी बोलतो, कशासाठी बोलतो आणि काय गाळतो, हे आपण कवितेच्या तासाला शिकवतो. निदान शिकवायला हवे.

ताम्रपट हा त्या काळचा दानाचा पक्का कागद. केंदूरच्या शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती उद्या सातबारा येईल, फेरफार येईल, भावकीतले वाटणीपत्र येईल. इतर हक्कातल्या बोजाची एक ओळ नीट न वाचल्याने काय होते, हे गावात कोणाला सांगायला नको. जुने कागद मोडीतले, तेही घरोघरी पेटीत पडून आहेत.

त्याच तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकण्याचा तो मोठा प्रयोग आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे. मात्र ‘खेड्यातल्या मुलांना कौशल्य द्या, कविता कशाला?’ असा त्याचा अर्थ काढणे चूक आहे. वेल्डिंग शिकलेल्या मुलालाही गिऱ्हाइकाचे म्हणणे समजून घ्यावे लागते, दरपत्रक लिहावे लागते, करार वाचून मगच सही करावी लागते.

2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, 2024 मध्ये तिला अभिजात दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टी हव्याच होत्या. पण तास कायदा घेत नाही, आपण घेतो. ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ या प्रश्नाचे गाइडातले उत्तर फळ्यावर उतरवून देणारा शिक्षक मुलाची वाचण्याची सवयच मोडतो. हा दोष आपला आहे. अभ्यासक्रम संपवायची घाई खरी आहे, तरी तिची सबब किती वर्षे पुढे करणार?

तेव्हा या सत्रात प्रत्येकाने एक तास राखून ठेवावा. मुलांना घरातला एखादा कागद आणायला सांगावा, गावच्या भजनात म्हटला जाणारा एखादा अभंग त्याच्या शेजारी ठेवावा आणि दोन्ही शब्द न् शब्द वाचून घ्यावेत. त्या तासाला काय घडले, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकातली पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.