शास्त्रज्ञांची परिषद आणि आपण



स्त्रियांच्या त्रैमासिकात पदार्थविज्ञानाच्या वार्षिक परिषदेवर संपादकीय कशासाठी, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडेल. आपल्यातल्या बहुतेकींचा पदार्थविज्ञानाशी संबंध दहावी-बारावीलाच संपला. माझाही तिथेच संपला. पुढे मी समाजकार्याकडे वळले. तरीही गेल्या वर्षी अशा एका परिषदेच्या तयारीच्या बैठकांना मी बसत होते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे संस्थेच्या अंतर्गत समितीवर बाहेरची एक सदस्य घ्यावी लागते. एका विज्ञानसंस्थेच्या समितीवर ती बाहेरची सदस्य मी आहे. परिषद त्या संस्थेच्या आवारात भरायची होती, म्हणून संयोजकांनी मलाही बोलावले.

या बैठकांतून मला ना अणूंविषयी काही कळले, ना ताऱ्यांविषयी. पण एक गोष्ट स्वच्छ दिसली. परिषदेत कोण बोलणार, कोण नुसते ऐकणार आणि कोण घरीच राहणार, हे परिषदेच्या दिवशी ठरत नाही. ते आठ-दहा महिने आधी, चहा-बिस्किटांच्या बैठकीत, तारखा, खोल्या, बस आणि जेवण ठरवता ठरवता ठरून जाते. आणि ते ठरवणाऱ्यांना आपण स्त्रियांविरुद्ध काही ठरवतो आहोत असे क्षणभरही वाटत नाही.

परिषद म्हणजे तीन दिवसांचा समारंभ, असे आपल्याला लांबून वाटते. पीएच.डी. करणाऱ्या मुलीसाठी ती त्याहून फार मोठी गोष्ट असते. पुढच्या संशोधनाची जागा, नोकरीसाठी लागणारे शिफारसपत्र, एकत्र काम करण्याचे आमंत्रण, हे सारे तिथे जेवणाच्या रांगेत आणि व्हरांड्यातल्या गप्पांत जुळते. बांधकाम मजुरांचा जसा सकाळचा नाका, तशी ही शास्त्रज्ञांची परिषद. नाक्यावर जी उभी नाही, तिला काम नाही.

या नाक्याचा इतिहास पाहा. १९११ साली ब्रसेल्सला पहिली सॉल्व्हे परिषद भरली. आधुनिक पदार्थविज्ञानाची पायाभरणी करणारे सारे दिग्गज तिथे होते आणि त्यांच्यात एकच स्त्री होती, मारी क्यूरी. परिषद संपते न संपते तोच पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी तिच्या आणि पॉल लांजव्हँ या शास्त्रज्ञाच्या संबंधांवर रकाने भरायला सुरुवात केली. त्याच सुमारास तिला दुसरे नोबेल पारितोषिक जाहीर झाले होते. नोबेलशी संबंधित एका मोठ्या शास्त्रज्ञाने तिला कळवले की, पारितोषिक घ्यायला स्टॉकहोमला येऊ नका. पारितोषिक माझ्या कामासाठी आहे, खाजगी आयुष्याशी त्याचा संबंध नाही, असे कळवून ती गेली आणि पारितोषिक घेऊन आली. लांजव्हँही त्या परिषदेला हजर होता. पुढे तो याच सॉल्व्हे परिषदांचा अध्यक्ष झाला. १९२७ च्या परिषदेचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात २९ जण आहेत आणि स्त्री पुन्हा एकच, तीच. १९३३ साली संख्या तीनवर गेली : मारी क्यूरी, तिची मुलगी इरेन आणि लीझ माइट्नर. एकाच्या तीन व्हायला बावीस वर्षे लागली.

'ते जुने झाले' असे म्हणून सुटता येत नाही. २०२५ पर्यंत पदार्थविज्ञानाचे नोबेल फक्त पाच स्त्रियांना मिळाले आहे आणि त्यांतले तीन २०१८ पासूनचे आहेत. भारतात भरणाऱ्या विज्ञान परिषदांत स्त्रिया किती बोलतात याची मोजदाद 'बायसवॉच इंडिया' हा गट २०२० पासून करतो आहे. एकही स्त्री वक्ता नसलेली व्यासपीठे अजूनही सापडतात.

हे घडते कसे, ते बैठकीत बसल्यावर कळते. प्रमुख वक्त्यांची यादी करायला जो तो आठवतील ती नावे सांगतो. आठवतात ते बरोबर शिकलेले, बरोबर प्रवास केलेले, मागच्या परिषदेत भेटलेले. यादी पूर्ण होते आणि तिच्यात एक किंवा शून्य स्त्रिया असतात. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "बाई असायला आमची हरकत नाही, पण दर्जाशी तडजोड नको." यादीतल्या पुरुषांच्या बाबतीत दर्जाचा विषय कोणी काढला नव्हता.

हा 'दर्जा' मराठी मुलींना जुना परिचित आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठात उत्तम गुण मिळवून कमला भागवत, म्हणजे पुढे जीवरसायनशास्त्रातल्या कमला सोहोनी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी सत्याग्रह केला, तेव्हा एक वर्ष अजमावून पाहण्याच्या अटीवर त्यांना घेतले गेले. पुढे त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. दर्जा त्यांच्याकडे आधीही होता; दार बंद होते.

दर्जा खरोखरच पाहायचा असेल तर नाव झाकून पाहता येतो. हबल दुर्बिणीवर निरीक्षणाची वेळ मागणाऱ्या अर्जांचे परीक्षण २०१८ साली प्रथमच अर्जदारांची नावे लपवून झाले. त्या फेरीत स्त्रियांचे ८.७ टक्के आणि पुरुषांचे ८ टक्के अर्ज मंजूर झाले. त्याआधीच्या अठरा वर्षांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा वर कधीच गेले नव्हते. परिषदेसाठी येणारे शोधनिबंधांचे सारांशही असेच नाव झाकून निवडता येतील. त्याला पैसे लागत नाहीत.

आता कामाची वाटणी. संयोजन समितीत स्त्री प्राध्यापक होत्या, नव्हत्या असे नाही. एकीकडे स्वागत, दुसरीकडे भोजन. विद्यार्थिनींनी साड्या नेसून रांगोळी, पुष्पगुच्छ, दीपप्रज्वलन आणि नोंदणीचे टेबल सांभाळायचे. याच मुलींची पोस्टरे आतल्या दालनात लागणार होती. पोस्टरपुढे उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला काम समजावून सांगायचे, हीच नव्या संशोधकाची पहिली संधी असते. ती मुलगी बाहेर गुच्छ देत उभी राहिली, तर आत तिच्या पोस्टरपाशी कोण उभे राहणार?

वेळेचेही तसेच. पोस्टरांचे सत्र संध्याकाळच्या चहानंतर सुरू होऊन रात्रीच्या जेवणापर्यंत चालायचे होते आणि मुलींच्या वसतिगृहाचे दार साडेनऊला बंद होत होते. कार्यक्रमपत्रिका करणाऱ्यांना दाराची वेळ माहीत नव्हती आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांना कार्यक्रमपत्रिका माहीत नव्हती. दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवल्यावर सत्र दुपारवर आले. खरे तर दारच उघडे राहायला हवे, पण तो लढा वेगळा आणि चालूच आहे.

पाळणाघराचा विषय निघाला तेव्हा संयोजक प्रामाणिकपणे म्हणाले, "अशी मागणी आजवर कधी आलीच नाही." येईल कशी? नोंदणीच्या अर्जात सोबतच्या जोडीदाराच्या जेवणाचा रकाना होता, मुलाचा नव्हता. तो एक रकाना घातल्यावर काही जणींनी, आणि एक-दोन पुरुषांनीही, होकार भरून पाठवला. आपल्या शिबिरांत सतरंजी, दोन कार्यकर्त्या आणि खिचडीचे पातेले एवढ्यावर आपण पाळणाघर चालवतो. मोठा निधी हाताशी असलेल्यांना ते अवघड वाटत होते, कारण त्यांच्या अंदाजपत्रकात ती ओळच नव्हती.

प्रश्नोत्तरांची एक छोटी गोष्टही सांगते. १० देशांतल्या ३५ संस्थांमधील २४७ व्याख्याने पाहून केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. व्याख्याने बहुतांशी जीवशास्त्र, मानसशास्त्र अशा विषयांची होती. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की नंतर स्त्रिया कमी प्रश्न विचारतात, असे त्यात दिसले. सत्राच्या अध्यक्षाने पहिला हात बाईचा निवडायचा, एवढाच त्यावरचा साधा उपाय. बैठकांत गप्प बसणाऱ्या बायकांना बोलते करण्यात आपली हयात गेली आहे. हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

सगळ्यात कठीण प्रश्न मात्र तक्रारीचा आहे. समितीपुढच्या प्रकरणांविषयी बोलायला कायद्याने बंदी आहे, म्हणून प्रकरण नाही, नुसता पेच मांडते. विद्यार्थिनी एका शहरातली, नावाजलेले प्राध्यापक दुसऱ्या शहरातले, परिषद तिसऱ्या शहरात. परिषदेच्या रात्री काही घडले आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या गाड्यांनी परतले. तिने जायचे कोणाकडे? विषय इतका लहान की त्यात काम करणारे सारे एकमेकांना ओळखतात. तिचा शोधनिबंध उद्या त्यांच्याकडेच तपासायला जाईल. मग ती बोलत नाही. पुढच्या वर्षी परिषदेला येत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी विषय सोडते, आणि लोक म्हणतात, मुलींना पदार्थविज्ञानात गोडीच नसते.

कायदा इथे मुका नाही. भटेरी गावची साथिन भँवरीदेवी १९९२ साली लढायला उभी राहिली, त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि त्यातून २०१३ चा कायदा. कामाच्या निमित्ताने जिथे जावे लागते ते ठिकाण, आणि मालकाने पुरवलेले वाहनसुद्धा, या कायद्यात कामाचे ठिकाणच आहे. आरोपी दुसऱ्या ठिकाणी नोकरीला असला तरी बाईच्या स्वतःच्या कामाच्या ठिकाणची समिती चौकशी करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले. तक्रारीची मुदत तीन महिने आहे आणि योग्य कारण असल्यास आणखी तीन. हे सारे परिषदेच्या पिशवीतल्या कागदावर छापले, दोन व्यक्तींची नावे आणि फोन दिले, तर मुलीला निदान कोणाकडे जायचे ते कळेल.

पदार्थविज्ञानातल्या स्त्रिया स्वस्थ बसलेल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. आंतरराष्ट्रीय पातळीवर त्यांची पहिली परिषद २००२ साली पॅरिसला झाली. २०२३ ची भारताने ऑनलाइन भरवली. इंडियन फिजिक्स असोसिएशनने लिंगभावाच्या प्रश्नावर कार्यगट नेमला आणि २०१९ साली हैदराबाद विद्यापीठात परिषद घेतली. त्यातून पदार्थविज्ञानातील लिंगसमतेची 'हैदराबाद सनद' तयार झाली. सनद आहे, तयारीच्या बैठकीत ती टेबलावर ठेवणारे कोणीतरी हवे.

मी बसले त्या बैठकांतून सत्राची वेळ बदलली, पाळणाघर झाले, तक्रारीचा कागद पिशवीत गेला. वक्त्यांची यादी फारशी हलली नाही. दूरच्या तालुक्यातल्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या बाईला नोंदणीचे शुल्क परवडत नाही आणि रजाही मिळत नाही, हा प्रश्न तर कोणी नीट ऐकलाच नाही. दलित, आदिवासी मुली या नाक्यापर्यंत पोचतात किती, हे मोजायलाही अजून सुरुवात व्हायची आहे.

म्हणून तुम्हांला विनंती आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणी महाविद्यालयांच्या, विद्यापीठांच्या, कारखान्यांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरच्या सदस्य आहात. वर्षातून चार सह्या करण्यापुरते आपल्याला बोलावले जाते. आपणहोऊन विचारा की, यंदा तुमच्याकडे कोणती परिषद आहे? तारखा ठरायच्या आधी आम्हांला बोलवा. मग वक्त्यांची यादी मागा, नोंदणीचा अर्ज मागा, वसतिगृहाची वेळ विचारा, अंदाजपत्रकात पाळणाघराची ओळ शोधा. विषय पदार्थविज्ञानाचा असो, साखर उद्योगाचा असो की साहित्याचा, कागद हेच असतात.

त्यांचे शास्त्र आपल्याला कळत नाही, असे कोणी म्हणाले तर खुशाल हो म्हणा. अणूचे गणित त्यांचे आहे. पण दार कितीला बंद होते, शेवटची बस कधी सुटते आणि तान्हे मूल कोणाजवळ ठेवायचे, हे गणित आपण त्यांच्याहून कितीतरी जास्त वेळा सोडवले आहे.